माझ्या निबंधातली नदी



जून उजाडला की आपण सगळे मराठीचे शिक्षक एक काम न चुकता करतो. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहितो, 'मित्राच्या गावी घालवलेली उन्हाळ्याची सुट्टी'. मीही पंचवीसेक वर्षं लिहीत आलोय. आणि दरवर्षी चाळीस वह्यांमधून एकच नदी झुळझुळ वाहते, शेतं हिरवीगार असतात आणि पक्षी किलबिलाट करतात. मे महिन्यात! बागायतीचा पट्टा सोडला तर आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागात मे महिन्यात हिरवंगार काय असतं, तुम्हीच सांगा. बाभळी, आणि त्याही धुळीने माखलेल्या.

पण मुलांना नावं ठेवायच्या आधी माझीच गोष्ट सांगतो. कारण ही नदी मीही वाहवलेली आहे.

१९८७ साल. मी सातवीत जाणार होतो. पुण्यात पेठेत राहायचो. माझ्या बाकावर बसणारा मित्र मूळचा शिक्रापूरचा. येरवड्याला मामाकडे राहून शिकत होता. परीक्षा संपली आणि तो म्हणाला, "चल आमच्याकडं. पण आमच्याकडं पंखा नाय हां." मी कधी खेड्यात राहिलो नव्हतो. आईने पिशवीत दोन कपड्यांचे जोड, चिवडा आणि पांघरूण भरून दिलं आणि आम्ही शिवाजीनगरच्या स्टँडवरून एसटीत बसलो. वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी. आज त्या नगर रोडवर दोन्ही बाजूंना गोडाऊन आणि कंपन्यांच्या भिंती आहेत. तेव्हा सणसवाडीच्या पुढे खिडकीतून नुसतं माळरान दिसत होतं आणि तापलेला वारा तोंडावर येत होता.

वस्ती गावापासून लांब, पाबळच्या रस्त्याने आत. दोन खणांचं घर, पुढे छप्पर, छपरात एक बैलजोडी आणि एक म्हैस. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. शिरूर तालुका म्हणजे पर्जन्यछायेचा मुलूख. सह्याद्रीवर ढग रिकामे झाले की इकडे उरतो तो वाराच. चासकमानच्या कालव्याचं पाणी तेव्हा यायचं होतं, त्यामुळे सगळी भिस्त विहिरीवर. आणि विहिरीने तळ दाखवला होता.

वेळ नदी मी पाहिली ती अशी: कोरडी वाळू, वाळूत ठिकठिकाणी खणलेले झिरे, आणि झिऱ्याकाठी हंडे घेऊन बसलेल्या बाया. झिऱ्यात पाझरेल तेवढं पाणी वाटीने हंड्यात भरायचं. एक हंडा भरायला किती वेळ लागतो हे मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण मित्राच्या आईबरोबर आम्हीही जात होतो. आम्ही दोघं वाटी धरायला भांडायचो. तिसऱ्या दिवशी भांडणं संपली आणि 'आज तू जा' सुरू झालं.

तरी मजाही होतीच, खोटं कशाला बोलू? सकाळी बाजरीची भाकरी, खर्डा आणि वर कच्चा कांदा. एकदा हुलग्याची शेंगोळी केली होती. तशी पुन्हा कुठे खाल्ली नाही. रात्री अंगणात गोधडीवर पडायचं आणि मित्राची आजी जी भुतं सांगायची ती सगळी ओळखीची, त्याच गावची, नावागावासकट.

त्याचे वडील (आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो) विहीर खोल करायच्या मागे होते. एक पाणाडी आला, तळहातावर नारळ घेऊन शिवारभर फिरला आणि विहिरीजवळ त्याचा नारळ उभा राहिला. "खाली दोन परसावर पाणी हाय," म्हणाला. जाताजाता एक सांगतो. तिथून जवळच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला होता. शाळेत न रमणाऱ्या पोरांना हाताने कामं करत शिकवायचं, हा त्यांचा प्रयोग. जमिनीचा विद्युतरोध मोजून पाण्याचा अंदाज घेण्याचं कामही तिथली मुलं शिकत. नारळ आणि ते यंत्र, दोन्ही एकाच तालुक्यात होती. दादांच्या वस्तीवर नारळ आधी पोचला, एवढंच. शिक्षक झाल्यावर कलबागांविषयी वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा तो नारळवाला आठवला.

विहीर खोल करायची म्हणजे यारी लावायची, सुरुंग उडवायचे, माणसं लावायची. पैसा कुठून आणायचा? घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोललं नाही. मग शुक्रवारी संध्याकाळी दादा म्हणाले, "उद्या चाकणचा बाजार हाय." मित्र ताटावरून उठून छपरात गेला. जोडीतला उजवा बैल विकायचा ठरला होता.

शिक्रापूर ते चाकण जवळपास तीस किलोमीटर. बैल चालत न्यायचा, उन्हाच्या आत. रात्री जेवणं करून आम्ही निघालो, दादा, त्यांचे चुलतभाऊ, बैल आणि आम्ही दोघं. मित्राने कासरा कोणाला धरू दिला नाही. शेल पिंपळगावला भीमा ओलांडताना बैलाला डोहावर नेला. त्या सुट्टीत मी पाहिलेलं वाहतं पाणी तेवढंच, तेही अंधारात. दिसलं कमी आणि ऐकू जास्त आलं. बैल किती वेळ पीत होता! दादा नुसते उभे होते. घाई करा म्हणाले नाहीत.

त्यापुढे माझे पाय बोलायला लागले. मागून चाकणलाच कांदा घेऊन चाललेली एक बैलगाडी आली. दादांनी मला उचलून पोत्यांवर ठेवलं आणि मी तिथेच झोपलो. जाग आली ती बाजाराच्या गलक्याने.

सौदा कसा होतो ते तुम्ही पाहिलंय का? दोन माणसं उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. तोंडाने आकडा नाही. मी आणि मित्र दादांच्या तोंडाकडे पाहत होतो, तिथेही काही दिसत नव्हतं. मग उपरणं निघालं. दादांनी बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ सोडून मित्राच्या हातात दिली. कोणीतरी म्हणालं, अठ्ठावीसशेला गेला. परत येताना आम्ही एसटीने आलो आणि वाटभर ती माळ प्रत्येक खड्ड्याला वाजत होती. मित्राने शेवटी ती शर्टाच्या आत धरली.

जूनमध्ये शाळा उघडली. सरांनी निबंध दिला. विषय तुम्ही ओळखला असेलच.

मी दोन पानं लिहिली. गावाजवळून झुळझुळ वाहणारी नदी, डोलणारी हिरवी पिकं, आमराई, कोकिळा, चांदण्यात न्हालेली रात्र. 'असे आहे माझ्या मित्राचे सुंदर गाव' हा शेवट. दहापैकी नऊ मिळाले आणि सरांनी तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. सरांचा दोष मी मानत नाही. त्यांनी शुद्धलेखन आणि भाषा तपासली. त्यांनी काही वेळ नदी पाहिली नव्हती.

मित्राला तीन मिळाले. खाली लाल शाईत, 'निबंध अपूर्ण. विषय समजून घ्यावा.' मधल्या सुट्टीत मी त्याची वही पाहिली. पाचच ओळी होत्या. शब्द थोडेफार इकडचे तिकडे होतील, पण मजकूर मला पाठ आहे. सुट्टीत माझा मित्र आमच्या घरी आला. तो पाणी भरू लागला. आम्ही बैल अठ्ठावीसशे रुपयांना विकला. माझा मित्र कांद्याच्या गाडीवर झोपला होता, त्याच्या अंगावर मी माझा सदरा टाकला. विहीर दोन परस खाली नेली, पाणी मचूळ लागले.

सदऱ्याचं मला माहीतच नव्हतं. विहिरीचंही नाही.

त्याने मला विचारलं, "ती नदी कुठली रे?" मी म्हणालो, "निबंधात तसं लिहायचं असतं." तो म्हणाला, "आणि बैलाचं?" मी म्हणालो, "तसलं निबंधात लिहीत नाहीत." तो काही बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याच्या पाच ओळींत मी दोनदा होतो. माझ्या दोन पानांत तो नव्हताच, फक्त त्याचं 'सुंदर गाव' होतं. पुढच्या वर्षी तो गावच्या शाळेत परत गेला. कारण पैशांचं होतं, माझ्या निबंधाचं नव्हतं, पण निरोप काही नीट झाला नाही.

तर आता मी वर्गात काय करतो? विषय तोच देतो, फळ्यावर प्रश्न वेगळे लिहितो. त्या घरात सकाळी सगळ्यात आधी कोण उठायचं? पाणी कुठून यायचं? कोणत्या गोष्टीवरून मोठी माणसं हळू आवाजात बोलत होती? मित्र किंवा मैत्रीण तुझ्यासाठी काय करत होती? पहिली दोन वर्षं मुलांनी एका वाक्यात उत्तरं दिली. पण हल्ली वह्यांमधून भलतंच काही बाहेर येतं. एका मुलीने लिहिलं की शिरूरजवळ मैत्रिणीच्या मळ्यात दिवस मावळला की सगळे दार लावून आत बसतात, कारण उसात बिबट्या आहे. तिला अंगणात झोपायचं होतं. मैत्रीण म्हणाली, आम्हीच तीन वर्षं अंगणात झोपलो नाही. त्या निबंधात शुद्धलेखनाच्या बावीस चुका होत्या. मी आधी पूर्ण वाचला, मग लाल पेन काढलं.

पालकसभेत एका वडिलांनी मला रोखठोक विचारलं, "सर, असलं लिहून बोर्डात मार्क पडतील का?" प्रश्न रास्त आहे. मी त्यांना सांगितलं की पडतात, पण मांडणी आणि शुद्धलेखन त्याबरोबर शिकवावं लागतं, आणि ते माझं काम आहे. त्यांचं समाधान झालं असं वाटलं नाही. तपासणारा कोण भेटेल याची खात्री मलाही देता आली नाही.

मित्राची आणि माझी गाठ पुन्हा पडली ती तीन वर्षांपूर्वी, एका लग्नात. आता त्याच्या वस्तीवर कंपनीत कामाला आलेल्या मुलांसाठी भाड्याच्या खोल्या आहेत. विहीर अजून आहे, वर जाळी टाकलीय. मी त्याला म्हणालो, मी तुझा निबंध वर्गात सांगतो. तो हसला. "आणि तुझी नदी? ती सांगतो का?" म्हणालो, आधी तीच सांगतो. मग म्हणाला, "दादा आहेत अजून. चारनंतर ये, दुपारचे झोपतात. आणि वही घेऊन ये, लई बोलतात."

या मे महिन्यात गेलो. दादा अठ्ठ्याहत्तरीचे झालेत, ऐकू कमी येतं. मी मोठ्याने विचारलं, "दादा, चाकणला बैल अठ्ठावीसशेला गेला होता ना?"

"कुणी सांगितलं?" ते म्हणाले. "हातात सव्वीसशेच आले. दोनशे दलालानं घेतले. लिही."