झारी घेताना

मागच्या दिवाळीनंतर गच्चीवर लावलेली टोमॅटोची रोपं आमच्याकडे दोनदा मेली. बी चांगलं होतं, शेणखतही चाळून घातलं होतं. तरी चार पानं फुटायच्या आत रोपं बुंध्याशी नरम पडून आडवी व्हायची. दोष माझा होता. मी मगने पाणी ओतायचो. मगच्या धारेने मातीत खड्डा पडतो, मुळं उघडी पडतात आणि ट्रेमध्ये पाणी साचून राहतं. त्या ओलीत बुरशी वाढते. शेतीच्या भाषेत याला ‘रोपं कोलमडणं’ म्हणतात.

मग झारी घ्यायचं ठरलं. आपण झारी म्हणतो, इंदूरचे नर्सरीवाले ‘हजारा’ म्हणतात. मी ऑनलाइन शोधून सगळ्यात मोठी, 10 लिटरची मागवली. हिशेब सोपा होता: झारी मोठी, तर नळापर्यंतच्या फेऱ्या कमी. आई म्हणाली, “छान आहे रे.”

सकाळी माझ्या मीटिंगा असतात, त्यामुळे झाडांना पाणी आईच घालते. तीनेक आठवड्यांनी लक्षात आलं, की नळाजवळच्या कुंड्या हिरव्यागार आहेत आणि पलीकडच्या कठड्यापाशी मोगरा आणि जास्वंद माना टाकून उभे आहेत. विचारलं तर आई म्हणाली, “पुढच्या वर्षी कुंड्या कमी करू या. आता होत नाही.”

मला वाटलं, वय झालं. मग मी भरलेली झारी स्वतः उचलली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. झारी धरून जवळजवळ 11 किलो, तेही एका हाताने, मनगट वाकवून. आईला होत नव्हतं, कारण मी तिच्यासाठी झारी घेतलीच नव्हती. मी माझ्या हातासाठी घेतली होती.

रविवारी दोघं नर्सरीत गेलो. तिथल्या टाकीवर झाऱ्या भरून आईच्याच हातात दिल्या. तेव्हा काही गोष्टी कळल्या. घरासाठी 4-5 लिटर पुरे. मूठ वरून मागेपर्यंत वळलेली असावी, म्हणजे झारी कलताना हात सरकतो आणि मनगटावर भार येत नाही. नळी लांब आणि बुडाजवळून निघालेली असावी. नाहीतर बरंच कलवावं लागतं आणि पाणी वरच्या तोंडातून सांडतं. वजनाचा हा तोल साधणारी झारी इंग्लंडच्या जॉन हॉज यांनी 1886 मध्ये बनवली. मॉरिशसमध्ये व्हॅनिलाच्या वेलींना पाणी घालताना त्यांना जुन्या झाऱ्यांचा त्रास झाला होता.

तोटी बारीक छिद्रांची आणि काढता येणारी हवी. रोपांसाठी ती वर तोंड करून लावायची, म्हणजे पाणी आधी वर उडतं आणि मग पावसासारखं हलकं पडतं. सुरुवातीची जाड धार ट्रेच्या बाहेर पडू द्यायची, मग झारी रोपांवर न्यायची. मोठ्या कुंड्यांना तोटी काढून थेट बुंध्याशी पाणी द्यायचं. बोअरिंगच्या पाण्याने छिद्रांत क्षार बसतात. तोटी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली, की मोकळी होते. झारी सावलीत ठेवावी, मे महिन्याच्या उन्हात प्लास्टिक तडकतं. पाणी साचवून ठेवू नये, डास होतात.

पाण्याचाही प्रश्न आहेच. 1978 पासून इंदूरला नर्मदेचं पाणी मिळतं. जलूदहून सुमारे 70 किलोमीटर, विंध्याचा चढ चढून ते येतं. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतात. एवढ्या लांबून आलेलं पाणी मगने ओतून कुंडीखालून वाहू देणं बरं नाही.

घरातल्या मोठ्यांसाठी झारी घ्यायची असेल, तर त्यांना सोबत न्या आणि पाणी भरून त्यांच्याच हातात देऊन पाहा. नुसते लिटर मोजू नका.

आमची साडेतीनशे रुपयांची हिरवी झारी आता नळाखाली असते. टोमॅटो तिसऱ्या खेपेला जगले. मोगऱ्याला नवी पालवी आली आहे. परवा आईने शेजारच्या काकूंकडून गुलाबाची कलमं मागून आणली, आणि आता मला आणखी चार कुंड्या आणायच्या आहेत.