मौद्यात हार्डी वाचताना

पदवीला इंग्रजी साहित्य घेतलं तेव्हा घरी एकच प्रश्न होता, यावर नोकरी कुठे लागते? मौद्यात हा प्रश्न रास्तच आहे. जवळ एनटीपीसीचा वीज प्रकल्प, दारातून नागपूर-भंडारा महामार्ग. आयटीआय केलेल्या पोराचं पुढचं आयुष्य डोळ्यांना दिसतं. माझं तसं दिसत नाही. तरी मला हेच शिकायचं आहे.

सध्या टॉमस हार्डीची ‘टेस’ वाचते आहे. कादंबरी १८९१ ची. टेस कडाक्याच्या थंडीत शेतात कंद खणते, मळणीयंत्रावर उभी राहून दिवसभर पेंढ्या सोडते. वाचताना मला इंग्लंड आठवायचं कारणच पडलं नाही. डोळ्यांपुढे आमच्या धानाच्या बांधीत ओणव्याने रोवणी करणाऱ्या बाया होत्या. त्यांच्यावर कुणी इतकी पानं खर्च केली असती तर!

विंदा करंदीकर इंग्रजी शिकवायचे आणि त्यांनी ‘राजा लिअर’ मराठीत आणला. भालचंद्र नेमाडे इंग्रजीचेच प्राध्यापक होते. नागपुरात महेश एलकुंचवारांनीही इंग्रजीच शिकवलं आणि नाटकं मराठीत लिहिली. ही माणसं परक्या भाषेत खोल उतरली, पण घरची भाषा त्यांनी सोडली नाही. मला या वाटेचा फार भरवसा वाटतो.

काल रोवणीवर इंग्रजीत पानभर लिहिलं. बांधी, पऱ्हे (धानाची रोपं) हे शब्द तसेच ठेवले. आईला अर्थ सांगत वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पऱ्ह्याची मूठ डाव्या हातात असते, ते लिही नं.” आता ते घालून सरांना दाखवायचं आहे.