आजींचे वय

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे पत्र हाती आले, तेव्हा आम्हांला सर्वप्रथम आठवली ती वसतिगृहाच्या स्वयंपाकघराची पायरी आणि त्या पायरीवर सूप घेऊन तांदूळ निवडीत बसलेल्या आजी. त्यांना कोणी नावाने हाक मारल्याचे आम्ही ऐकले नाही. विद्यार्थ्यांना, गुरुजींना आणि संस्थेच्या अध्यक्षांनाही त्या आजीच होत्या. पती आणि दोन्ही मुलगे गेल्यानंतर त्या शेजारच्या गावाहून येथे आल्या आणि स्वयंपाकघरालगतच्या खोलीत राहिल्या. पहाटे चुलीत जाळ घालण्यापासून रात्री शेवटचे पातेले पालथे घालीपर्यंत त्यांचा दिवस असे. सायंकाळी त्रिशरण-पंचशील सुरू झाले की हात पुसत पुसत त्या सर्वांच्या मागे येऊन बसत.

१९८३ च्या सुमारास गुरुजींच्या मनात आले की, आजींना निराधारांसाठीचे सरकारी अनुदान मिळावे. अर्ज भरायला आम्हां नववीच्या मुलांना बसवले. नाव, गाव, जात, धर्म हे रकाने झरझर भरले आणि ‘वय’ या रकान्यापाशी टाक थांबला. आम्ही विचारले, “आजी, तुझं वय किती?” आजी हसल्या. म्हणाल्या, “ते मी कुठं मोजलं, बाळांनो? तुम्ही शिकलेली पोरं, तुम्हीच मोजा.”

मग आम्ही मोजू लागलो. आजींनी सांगितले की, प्लेगाच्या साली सारे गाव माळावर झोपड्या घालून राहायला गेले, तेव्हा त्या आईचा पदर धरून आपल्या पायांनी चालत गेल्या होत्या. आम्ही हर्षाने लिहिले, १८९७. गुरुजींनी खोडले. पुण्यात प्लेग १८९७ साली भडकला हे खरे. पण खेडोपाडी तो पुढे कितीतरी वर्षे परत परत येत राहिला, तेव्हा हा कोणता प्लेग? मानमोडीच्या साथीत, म्हणजे १९१८ साली, त्यांच्या पदरी दोन मुले होती आणि धाकटे त्या तापात गेले. १९२७ साली घरधनी महाडच्या सत्याग्रहाला गेले, तेव्हा थोरली लेक नांदायला गेलेली होती. अशी एकेक आठवण फळ्यावर मांडून आम्ही बेरीज-वजाबाकी केली. आजींचा जन्म १८९३ ते १९०० यांच्या दरम्यानचा असावा, असा निर्णय झाला. वय ८३ ते ९०. इतिहासाचा एवढा मनापासून केलेला अभ्यास आम्ही पुढे कोणत्याही परीक्षेसाठी केला नाही.

कचेरीने फळ्यावरची बेरीज मानली नाही. जन्माचा दाखला नसेल तर डॉक्टरांचा आणा, असे सांगण्यात आले. डॉक्टरांनी आजींकडे पाहिले, नाडी पाहिली, ताठ पाठ आणि शाबूत दात पाहिले आणि लिहून दिले : ‘वय अंदाजे ६५ वर्षे.’ गुरुजींनी तो कागद वाचून दाखवला, तेव्हा आजी म्हणाल्या, “अगं बया! माझी थोरली लेकच सत्तरीला टेकली की!” आम्ही पोट धरून हसलो. कागदावर आई लेकीहून धाकटी झाली होती. १९९१ च्या हिवाळ्यात आजी गेल्या, तेव्हा मृत्यूची नोंद त्याच दाखल्याच्या आधाराने झाली : वय ७३. त्या वेळी मात्र आम्हांपैकी कोणी हसले नाही.

पुढे सहा वर्षांनी, १९९७ च्या ऑगस्ट महिन्यात, वर्तमानपत्रात एक बातमी वाचली. फ्रान्समधील झान काल्मां नावाच्या बाई ४ ऑगस्ट रोजी वयाच्या १२२ व्या वर्षी निवर्तल्या. आजवर ज्यांचे वय कागदोपत्री सिद्ध झाले, त्या सर्व माणसांत त्यांचे आयुष्य सर्वांत दीर्घ ठरले : १२२ वर्षे आणि १६४ दिवस. बातमी वाचताच आम्हांला आजी आठवल्या. तेव्हापासून या बाईंविषयी मिळेल ते आम्ही वाचीत आलो आहोत.

काल्मांबाईंचा जन्म २१ फेब्रुवारी १८७५ रोजी दक्षिण फ्रान्समधील ऱ्होन नदीकाठच्या आर्ल या गावी झाला. वडील जहाजे बांधणारे. आपल्याकडे त्याच वर्षी सुप्याच्या बाजारातून सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. बाबासाहेबांचा जन्म झाला, तेव्हा काल्मांबाई १६ वर्षांच्या होत्या. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा त्यांचे वय ८१ होते आणि आणखी ४० वर्षांहून अधिक आयुष्य पुढे उरले होते. आपल्या समाजाच्या जीवनात ज्याने युग पालटले, ते सबंध चरित्र एका बाईच्या आयुष्याच्या मधल्या भागात मावले. १२२ वर्षे म्हणजे किती, हे आम्हांला त्या हिशेबाने उमगले.

त्यांचे लग्न १८९६ साली नात्यातल्याच फेर्नां काल्मां यांच्याशी झाले. त्यांचे कापडाचे मोठे दुकान होते. बाईंना पोटासाठी कधी काम करावे लागले नाही. टेनिस, पोहणे, सायकल, शिकारीला जाणे असा त्यांचा दिनक्रम असे. आर्लमध्ये १८८८ साली राहायला आलेला चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग आपण लहानपणी पाहिला होता आणि तो गबाळा व तुसड्या स्वभावाचा होता, असे त्या सांगत. वयाच्या ८५ व्या वर्षी त्या तलवारबाजी शिकू लागल्या, शंभरीपर्यंत सायकल चालवीत राहिल्या आणि जवळजवळ ११० वर्षांपर्यंत घरी एकट्या राहिल्या. चॉकलेट त्यांना फार आवडे, आणि धूम्रपान तर त्यांनी शंभरी उलटून गेल्यावरही कित्येक वर्षे सोडले नव्हते. तेव्हा दीर्घायुष्याची गुरुकिल्ली म्हणून त्यांचे अनुकरण करावे, असे आम्ही कोणाला सुचविणार नाही.

त्यांच्या घराची कथा तर जगभर गाजली. १९६५ साली, त्या ९० वर्षांच्या असताना, एका ४७ वर्षांच्या कायदेतज्ज्ञाने त्यांच्याशी करार केला. त्याने बाईंना हयातभर दरमहा २,५०० फ्रँक द्यावेत आणि त्यांच्यामागे घर त्याचे व्हावे. तो गृहस्थ ३० वर्षे पैसे भरीत राहिला आणि १९९५ साली ७७ व्या वर्षी स्वतःच वारला. घराच्या किमतीच्या दुपटीहून अधिक रक्कम तोवर देऊन झाली होती. उरलेले हप्ते त्याच्या विधवेने भरले. माणसाने माणसाच्या मृत्यूवर बांधलेला अंदाज किती फसवा असतो, हे त्या घराच्या भिंतींनी पाहिले.

पण या गमतीजमतींखाली दुसरी एक कथा आहे. काल्मांबाईंना एकच मुलगी झाली, इव्होन. तिचा जन्म जानेवारी १८९८ चा. माता रमाईंचा जन्म आपण त्याच वर्षीच्या ७ फेब्रुवारीचा मानतो. दोघी जवळजवळ एका वयाच्या. इव्होन १९३४ साली छातीच्या विकाराने गेली. रमाई २७ मे १९३५ रोजी दीर्घ आजाराने गेल्या. एक आर्लच्या सुखवस्तू घरातली, दुसरी मुंबईच्या चाळीत गोवऱ्या थापून संसार रेटणारी आणि आपली चार लेकरे मातीआड झालेली पाहणारी. त्या दोघींच्या मानाने काल्मांबाईंना तिपटीहून अधिक आयुष्य लाभले. त्यात पती १९४२ साली गेले. १९६३ या एकाच वर्षी जावई गेला आणि डॉक्टर झालेला एकुलता एक नातू मोटार अपघातात गेला. त्यानंतरची ३४ वर्षे त्या राहिल्या. अखेरीस दृष्टी गेली, ऐकू येईनासे झाले, पडून हाड मोडल्यामुळे चाकाची खुर्ची आली. दीर्घायुष्य म्हणजे आपल्या माणसांच्या मृत्यूंची लांबत गेलेली यादी, हेही त्यांच्या चरित्रात दिसते.

किसा गोतमीची कथा आपण सर्वांनी याच प्रार्थनागृहात बसून ऐकली आहे. मेलेले मूल उराशी धरून ती तथागतांकडे आली. ज्या घरात कधी कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे तिला सांगण्यात आले, आणि गावभर फिरूनही तिला तशी मोहरी मिळाली नाही. आर्लमधील त्या श्रीमंत घरीही ती मिळाली नसती आणि आमच्या आजींच्या खोपटातही नसती. मानमोडीत गेलेल्या आपल्या लेकराचे नाव आजी साठ-सत्तर वर्षांनंतरही घेत असत. त्याला आठवून झाले की चुलीतले लाकूड पुढे सारीत आणि म्हणत, “ही पोरं जेवली पाहिजेत.” या दुःखात दोघी सारख्या होत्या.

फरक होता तो कागदाचा. फ्रान्समध्ये १७९२ पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची नागरी नोंद गावोगावी होत आली आहे. काल्मांबाईंचे वय तपासायला संशोधक बसले, तेव्हा त्यांना जन्माची नोंद, विवाहाची नोंद, जनगणनेच्या याद्यांमधील नावे असे सारे दफ्तर मिळाले. त्यांचे शिक्षक आणि घरातील मोलकरणी यांच्याविषयीचे बाईंचे स्मरण या दफ्तराशी ताडून पाहता आले. पुढे २०१८ साली एका रशियन अभ्यासकाने शंका काढली की, १९३४ साली वारली ती आई असावी आणि लेकीने आईचे नाव धारण केले असावे. त्यावर कागदपत्रे पुन्हा चाळून फ्रान्समधील संशोधकांनी २०१९ साली उत्तर दिले, आणि बहुतेक तज्ज्ञांनी ते मान्य केले. शंका घ्यायलाही कागद लागतो आणि शंका फेडायलाही कागदच लागतो. आमच्या आजींविषयी शंका घेण्याची गरज कोणाला भासली नाही. एका ओळीत त्यांच्या आयुष्यातली वीस-पंचवीस वर्षे वजा झाली आणि कोणाला त्याचे काही वाटले नाही.

काही वर्षांपूर्वी आजींच्या पणतवाला जातीच्या दाखल्यासाठी जुने पुरावे हवे होते. त्याच्याबरोबर आम्ही आजींच्या माहेरच्या गावचे जुने कोतवाल बुक पाहायला गेलो. कागद पिवळे पडून कडांनी झडत होते. मोडीतील मजकूर वाचून दाखविणारे गृहस्थ बोट फिरवीत होते. १८९० नंतरच्या पानांवर आमच्या वस्तीतील तीन नोंदी निघाल्या. प्रत्येकीत बापाचे नाव, जात आणि पुढे एकच शब्द : ‘मुलगी’. नाव नाही. त्यांपैकी एक आजी असतील किंवा एकही नसेल. आजींचे वडील गावचे येसकर होते, हे आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकलेले. गावात कोणी मेले की त्याची वर्दी पोचविणे हे त्या काळी महारांच्याच वाट्याचे काम. साऱ्या गावाच्या मृत्यूची खबर ज्याने वाहिली, त्याच्या लेकीच्या जन्माची ओळ अशी बिननावी राहिली.

आम्हां विद्यार्थ्यांची गोष्ट फारशी वेगळी नव्हती. संस्थेचे जुने जनरल रजिस्टर उघडून पाहावे. आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांची जन्मतारीख १ जून आहे. आईबापांना तारीख ठाऊक नव्हती आणि शाळा जूनमध्ये सुरू होत असे, म्हणून गुरुजींनी ती तारीख दिली. ती खरी नव्हती. पण तिच्यामुळे आम्ही कागदावर आलो, परीक्षेला बसलो, नोकरीला लागलो. ज्या हाताने ती तारीख लिहिली, त्या हाताचे ऋण आम्ही मानतो. मात्र आजींसारख्या ज्या बायकांनी आम्हांला जेवू घालून त्या रजिस्टरापर्यंत पोचवले, त्या स्वतः कोणत्याच वहीत आल्या नाहीत.

धम्मपदाच्या सहस्सवग्गात शंभर वर्षांच्या जगण्याची तुलना एका दिवसाशी केलेली आहे. किती जगलो यापेक्षा कसे जगलो, हा तिथला प्रश्न आहे. आजी ९१ वर्षांच्या होऊन गेल्या की ९८ च्या, हे आता कधीच कळणार नाही, आणि त्यांना त्याची खंतही नव्हती. पण त्या कशा जगल्या, हे सांगू शकणारे आम्ही अजून आहोत. आमच्याही मागे ते कोणी सांगणार नाही.

म्हणून संस्थेपुढे आणि आपणां सर्वांपुढे आमची एक नम्र विनंती आहे. या सुवर्णमहोत्सवी वर्षात कार्यालयात एक जाड, चांगल्या बांधणीची वही ठेवावी. प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आणि पालकाने आपल्या घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीचे नाव, तिचे माहेर आणि तिच्या आठवणी त्यात लिहाव्यात. घरी कोणी आजी हयात असेल, तर आजच रात्री तिच्यापाशी बसावे. तिला वय विचारू नये. तिला ते सांगता येणार नाही. नागपूरच्या दीक्षेच्या वेळी तू केवढी होतीस, कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे तुझ्या कडेवर कोण होते, १९७२ च्या दुष्काळात तू कोणत्या कामावर खडी फोडलीस, असे विचारावे. वय आपोआप निघेल, आणि वयाहून पुष्कळ मोठे असे काही हाती लागेल.

त्या वहीतील पहिली ओळ आमच्या आजींसाठी राखावी, एवढेच मागणे. अर्ज भरताना आम्हांला कळलेले त्यांचे नाव आम्ही येथे छापीत नाही. ते त्यांच्या पणतवाने, याच शाळेत शिकलेल्या मुलाने, आपल्या हाताने तेथे लिहावे, अशी आमची इच्छा आहे. वयाच्या रकान्यात त्याने आमची फळ्यावरची बेरीज जशीच्या तशी मांडावी.

नमो बुद्धाय, जय भीम.