एक जीबीची आजी

काकाचा जुना एमपीथ्री प्लेयर माझ्याकडे आला. अंगठ्याएवढा, एक जीबीचा, वर रेकॉर्डिंगची सोय! १२८ केबीपीएसला मिनिटाला साधारण एक एमबी, म्हणजे झाली की अडीचशे गाणी. होस्टेलवर सगळे हसले, "अरे, २०२२ मध्ये आयपॉडसुद्धा बंद झाला, तू हे डबडं कुठे घेऊन फिरतोस?"

मी पडलो कॉन्व्हेंटवाला. जात्यावरच्या ओव्या अर्ध्याच कळतात. दिवाळीत आजीला म्हटलं, "म्हण ना गं." आधी लाजली, मग चाळीस मिनिटं थांबलीच नाही. मेमरी फुल झाली की मी गाणी उडवत होतो.

मार्चमध्ये आजी गेली.

आता पेपरच्या आदल्या रात्री इअरफोन लावतो. ओवी मध्येच थांबवून ती विचारते, "जेवलास का रे?" तेवढं मात्र पूर्ण कळतं.