घाटकोपरचा सर्जन

सर्जन म्हटलं की आपल्याला हॉस्पिटल आठवतं. मला मात्र मागच्या रविवारी एक सर्जन भेटला तो घाटकोपरच्या एका चिंचोळ्या दुकानात, दोन फुटी काचेच्या टाकीत!

माझा भाचा मुलुंडला राहतो. वाढदिवसाच्या पैशांतून त्याला 'डोरी' घ्यायची होती. २००३ सालच्या 'फाइंडिंग निमो' सिनेमातली ती विसराळू निळी मासोळी, तीच. आम्ही स्लो लोकल पकडली. नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी... दर स्टेशनला एकच प्रश्न, "मामा, संपल्या नसतील ना?"

दुकानात गप्पी, गोल्डफिश, फायटर यांच्या रांगाच रांगा. खाऱ्या पाण्याची टाकी एकच, कोपऱ्यात. डोरी होती, पण तळाशी आडवी पडलेली! भाच्याचा चेहरा उतरला. "मेली?"

दुकानदारकाका हसले. "घाबरली की अशीच पडते रे. थांब जरा."

आम्ही श्वास रोखून उभे. आणि खरंच की, थोड्या वेळाने बाईसाहेब उठून पोहायला लागल्या! गर्द निळं अंग, त्यावर काळी नक्षी, शेपटी पिवळीधम्मक.

काकांनी शेपटीच्या बुडाशी बोट दाखवलं. तिथे दोन्ही बाजूंना एकेक धारदार काटा असतो, घडीच्या चाकूसारखा खाचेत मिटलेला. कुणी अंगावर आलं की शेपटीचा फटका, आणि चाकू बाहेर! म्हणून हे 'सर्जनमासे'. काटा जाळीत अडकतो, म्हणून काका त्यांना डब्यानेच उचलतात.

या कुळात ऐंशीच्या आसपास जाती आहेत. आपल्या लक्षद्वीपच्या प्रवाळांत कैद्याच्या कपड्यांसारखे काळे पट्टे असलेले सर्जनमासे थवेच्या थवे करून शेवाळ चरतात. समुद्रातल्या गाईच म्हणा ना! त्या चरल्या नाहीत, तर शेवाळ माजून प्रवाळ गुदमरतात. जुहू-वर्सोव्याच्या गढूळ पाण्यात मात्र त्या दिसायच्या नाहीत.

"मग ही कुठून आली?" भाच्याने विचारलं.

"समुद्रातून पकडून," काका म्हणाले. ते खरंच होतं. या जातीची पिल्लं माणसाला टाकीत पहिल्यांदा वाढवता आली ती २०१६ साली, अमेरिकेतल्या फ्लोरिडात. बाजारातल्या बहुतेक डोरी अजूनही समुद्रातूनच येतात.

"फूटभर वाढते ही. घरी पाच-सहा फुटी टाकी आहे का?"

भाच्याने मनातल्या मनात घर मोजलं. "बाबांचा पलंग काढावा लागेल!" मग तो बराच वेळ काचेला नाक लावून उभा राहिला. शेवटी पैसे खिशातच ठेवून म्हणाला, "चल मामा."

परतीच्या गाडीत तो गप्प. म्हणून मी त्याला आंग्रिया बँकेबद्दल सांगितलं. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, समुद्रात बुडालेलं प्रवाळांचं पठार.

"बँक?" तो एकदम खुलला. "मग माझे पैसे तिथल्या बोटीसाठीच ठेवू या!"

तेवढ्यात मुलुंड आलं.