रेफरची चिठ्ठी

केसपेपरच्या कागदावर दोन-तीन ओळी, खाली सही, गोल शिक्का. अक्षरं इंग्रजी, शिक्का मराठी, आणि जिच्या हातात ती पडते ती आई घरी तेलुगूत बोलते, नाहीतर माडियात. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्यात या कागदाला संदर्भपत्र कुणी म्हणत नाही, रेफरची चिठ्ठी. चार घड्या होऊन ती प्लॅस्टिकच्या पिशवीत जाते, आधार कार्ड आणि रेशन कार्डाच्या मध्ये.

तिचं काम निरोप्याचं. 'पोराचा कान फुटलाय, वर्षभर वाहतोय, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बघावं.' पण हे डॉक्टर गावात नसतात. ग्रामीण रुग्णालयाच्या सरकारी निकषात शस्त्रक्रिया, औषधवैद्यक, स्त्रीरोग, बालरोग आणि भूल यांच्या तज्ज्ञांची पदं आहेत. कानाचं पद धरलेलंच नाही. म्हणून चिठ्ठीवर येतं गडचिरोली. आलापल्लीच्या जंगलातून जाणारी दोनशेहून अधिक किलोमीटरची वाट.

शहरात थांबणं मोजतात ते नंबर लावल्यापासून, बाकड्यावर किती तास गेले ते. माझ्या मते ते चिठ्ठीवरच्या तारखेपासून मोजायला हवं. जानेवारीत लिहिली, तर घरची माणसं मिरची तोडायला तेलंगणात गेलेली. मे महिना तेंदूपत्त्याचा. त्या थोड्या दिवसांच्या कमाईवर पुढचे कित्येक महिने काढायचे असतात, तेव्हा दोन दिवसांची मजुरी बुडवून कोण निघणार? मग पाऊस येतो आणि नाले भरतात. सर्दीच्या मागोमाग कान वाहतो तोही याच दिवसांत, कारण लहान मुलांची नाकामागून कानात जाणारी नळी आखूड असते, जवळजवळ आडवी. पिशवीतली चिठ्ठी दमट होते, घड्यांवर विरते.

कानाचं दुखणं मुकं असतं, हे या चिठ्ठीचं मोठं दुःख. बाळंतपण अडलं, साप चावला, तर १०८ रुग्णवाहिका धावते. फुटलेला कान पुष्कळदा ठणकतही नाही. घरात कोमट तेल सोडतात. पडद्याला भोक असताना तेल घालू नये, पाणी जाऊ देऊ नये, कान कोरडा ठेवावा. या दोन ओळी प्रत्येक चिठ्ठीवर, आईला वाचून दाखवता येतील अशा भाषेत, असायलाच हव्यात. तोवर, कमी ऐकू येत असल्यानं, पोर वर्गात मागे सरकलेलं असतं. हाकेला वळत नाही म्हणून हट्टी ठरतं.

जन्मापासून न ऐकणाऱ्या बाळाची चिठ्ठी आणखी घाईची. सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू व्हावेत, असं तज्ज्ञ सांगतात, कारण बोलणं ऐकण्यातूनच उगवतं. तिला एक हंगामसुद्धा थांबता येत नाही.

गोदावरीवर पूल झाल्यापासून काही जण कालेश्वरमवरून वारंगळची वाट धरतात, कर्ज काढून खाजगी दवाखाना गाठतात. त्यांची चिठ्ठी पिशवीतच राहते.

जी गडचिरोलीला पोचते, ती डॉक्टर जपून उलगडतात. घडीवरचं अक्षर गेलेलं, तारीख मात्र शाबूत. डॉक्टर तारीख वाचतात, मग पोराकडे बघतात. कधीपासून, विचारतात. सोबत आलेली मोठी बहीण ते आईला तेलुगूत सांगते. आई दोन बोटं वर करते. दोन पावसाळे.