नळाचा दिवस

पहाटे तीनच्या सुमारास अंगणातून आवाज आला, "अहो, आलं बघा. दिसायलंय काय?"

मी खिडकीतून डोकावले. वरच्या मजल्यावरची आमची भाडेकरीण गाउनवर स्वेटर चढवून उभी होती. एका हाताने तिने पाइप संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, धरला होता आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलचा उजेड पाण्याच्या धारेवर पाडला होता. मोबाइलमधून मध्येच तुटत एक पुरुषी आवाज विचारत होता, "फोर्स कसा आहे?"

गोकुळ रोडवर राहणाऱ्याला पाण्याचं नवल नाही. हुबळीचा नळ कधी चौथ्या दिवशी येतो, कधी आठव्या. 2008 च्या सुमाराला काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं, तेव्हापासून बाकीचे आम्ही त्या वॉर्डांतल्या नातेवाइकांशी जरा बेतानेच बोलतो. वॉलमन कधी येऊन किल्ली फिरवेल याचा अंदाज बांधत सगळी गल्ली झोपते. मग अर्ध्या रात्री कुणीतरी "नीर बंदावरी" म्हणून हाळी देतं आणि मोटारी घुमायला लागतात. यात नवं काही नव्हतं. नवं एवढंच, की नवरा-बायको व्हिडिओवर नळ बघत होते.

तो फौजेत आहे, मराठा पलटणीत. चंदगडकडचा. ती खानापूर तालुक्यातली, कणकुंबीच्या बाजूच्या एका खेड्यातली. इथे एका खासगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. लग्नाला फार दिवस झालेले नाहीत. सध्या तो कुठे आहे असं मी एकदाच विचारलं, तर म्हणाली, "वर आहेत." तिने नकाशातलं नाव सांगितलं नाही आणि मीही पुढे विचारलं नाही. फौजेतल्या बायका हे फार लवकर शिकतात.

वर म्हणजे जिथे बर्फ वितळवून पाणी करावं लागतं तिथे. तिने मला सांगितलेलं ज्ञान असं: पातेलंभर बर्फ घ्या, स्टोव्हवर ठेवा, तळाशी थोडंसं पाणी उरतं. पुन्हा बर्फ टाका. 18,000 फुटांवर पाणी 82 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ कुकरशिवाय शिजायचं नाव घेत नाही. अंघोळीचं विचारू नये. असा माणूस हुबळीच्या नळाची चौकशी करतो, तेव्हा ती कळकळ बायकोबद्दलची असते की पाण्याबद्दलची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ठरवायची गरजही वाटत नाही.

आणखी एक गंमत. आमच्या नळाला येतं ते बरंचसं पाणी मलप्रभेचं, सौंदत्तीजवळच्या रेणुकासागरातलं. मलप्रभा उगम पावते कणकुंबीला, माउलीच्या देवळापाशी. म्हणजे ही मुलगी लहानपणी ज्या पाण्यात चिखल तुडवत शाळेत गेली, तेच पाणी आता आठवड्यातून एकदा, रात्री तीन वाजता तिला भेटायला येतं. तिच्या गावी पावसाळ्यात चार-चार महिने कपडे वाळत नाहीत. "काकू, आमच्याकडे पाण्याला शिव्या देतात," ती म्हणाली होती. म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायचं की नाही यावर टीव्हीवर भांडण चाललं, की ती आवाज बंद करते. माहेर तिकडे आणि नळ इकडे, बाजू घ्यायची कुणाची?

पण मला सांगायचं होतं ते मावशीचं.

वडिलांच्या बदलीच्या काळात मी काही दिवस गडहिंग्लजकडे मावशीच्या घरी होते. मावशीचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणायचो, जंगी पलटणीत होते. ही पलटण 1768 सालची, मराठा लाइट इन्फंट्रीतली सर्वांत जुनी. गावात दुसरं कुणी काही झालं की लोक काय झालं ते सांगत. फौजेत गेलेल्याबद्दल नुसतं "पलटणीत आहे" म्हणत, आणि तेवढं पुरायचं. काकांचं पत्र यायचं मावशीच्या सासऱ्यांच्या नावाने. पत्त्यावर '56 एपीओ' असायचं. मला वाटायचं, ते एखादं मोठं शहर असेल. सासऱ्यांना वाचता येत नव्हतं, मावशीला येत नव्हतं. घरात अक्षरओळख असलेली मी एकटी, वय वर्षं दहा.

सोप्यात सगळे जमायचे. सासूबाई जात्याजवळ, दीर उंबऱ्यावर, मावशी आतल्या दाराआड. मी खणखणीत वाचायची: तीर्थरूप बाबांचे सेवेशी साष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवीत जावे. मग पावसाचं, बैलाचं, मनीऑर्डर पोचली का याचं. शेवटी 'घरातील सर्वांना यथायोग्य'. मावशीचं नाव कुठेच नसायचं. ते असणं शक्यही नव्हतं. सगळ्यांसमोर वाचलं जाणार, हे काकांना ठाऊक होतं. मावशी त्या 'सर्वांना'मध्ये स्वतःला शोधून घ्यायची. शेवटची ओळ झाली की आतून भांड्याचा आवाज यायचा, म्हणजे तिला पोचलं.

उत्तर लिहायचं काम अर्थात माझंच. सासरे सांगायचे, मी लिहायची. मग रात्री चुलीपाशी मावशी हळूच म्हणायची, "खाली जागा उरली असेल तर लिही, म्हैस व्यायली." मी म्हणायची, ते आजोबांनी सांगितलं की. "मग लिही, आडाचं पाणी खाली गेलंय." लिहायची. "लिही, परड्यातला शेवगा मोडला." एवढं सांगून गप्प बसायची. आणखी काय, असं विचारलं तर म्हणायची, "एवढंच." दहा वर्षांच्या मला वाटायचं, मावशीला सांगण्यासारखं काही सुचत नाही. आता वाटतं, तिने एकही ओळ वाया घालवली नाही. आडाचं पाणी खाली गेलं म्हणजे दोर वाढवावा लागतो, म्हणजे ओढायला जोर लागतो, आणि तिला तेव्हा दिवस गेलेले होते. काकांनी हिशेब केला असणार. पुढच्या पत्रात सासऱ्यांना सूचना आली: पाणी ओढायला गडी ठेवावा, पैसे पाठवत आहे.

1971 च्या डिसेंबरात काका पूर्व बंगालात होते, हे आम्हाला लढाई संपल्यावर कळलं. जंगी पलटणीने जमालपूरची नाकेबंदी केली होती. शरण या, असं पत्र आत पाठवलं गेलं, तर तिथल्या पाकिस्तानी कर्नलने उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. इतिहासाच्या पुस्तकांत त्या पत्राला जागा मिळाली आहे. त्याच दिवसांत आमच्या घरी आलेल्या पत्रात मात्र कालवड कितीची झाली असा प्रश्न होता. माझ्या हिशेबी दुसरं पत्र अधिक धीराचं. गोळी पाठवायला राग पुरतो.

नवरा-बायकोच्या मध्ये किती माणसं असायची! लिहून देणारा, वाचून दाखवणारी मी, आणि अधेमधे सेन्सॉर. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं वाचायला इंग्रजांनी खास कचेरी थाटली होती; साहेब लोक बसून शिपायांच्या घरची दुखणी-खुपणी वाचायचे आणि त्यांचं इंग्रजी करून वर पाठवायचे. पुढे एसटीडी बूथ आले. गोकुळ रोडवरच्या नव्या बसस्टँडच्या आसपास पिवळ्या पाट्यांची रांग होती. काचेच्या खोलीत फौजी माणूस ओरडून बोलायचा, बाहेर बूथवाला मीटरकडे बघत सगळं ऐकायचा, आणि त्याच्या मागे पाच जण. मग उपग्रहाचे फोन. 2017 च्या दिवाळीत त्यांचा दर मिनिटाला 5 रुपयांवरून 1 रुपया झाला आणि महिन्याचं 500 रुपयांचं भाडं रद्द झालं. 2023 च्या ऑक्टोबरात तर सियाचिनवर 15,500 फुटांच्या वर मोबाइलचा मनोरा उभा राहिला.

म्हणजे आता मध्ये कुणी नाही. वाटेल ते बोला. आणि ही दोघं बोलतात काय? संप किती भरला. गॅस कधी लावला. स्कूटीचं सर्व्हिसिंग. मी जिन्यात उभी राहून मुद्दाम ऐकत नाही. आमच्या घराच्या भिंतीच तशा आहेत. सिनेमातला फौजी पत्रात चंद्र-तारे घालतो तेव्हा मला कंटाळा येतो. ज्याने कधी कुणाची वाट पाहिलेली नाही, त्याने ते संवाद लिहिलेले असतात. वाट पाहणाऱ्याला तपशील हवा असतो. मावशीला तो मिळत नव्हता म्हणून ती भांडं वाजवायची.

मे महिन्यात तो सुट्टीवर आला. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक सुट्टी आणि 30 दिवसांची किरकोळ, हे झालं कागदावर. कधी आणि किती सलग, ते युनिट ठरवतं. पहिल्या आठवड्यात तो घरात मावेना. पहाटे पाचला उठून गच्ची झाडली. माझा संप उपसून, धुऊन, झाकणावर पांढऱ्या रंगाने क्षमता आणि धुतल्याची तारीख लिहून टाकली. मी खूश. मग तिची दुपारची ड्यूटी असताना त्याने स्वयंपाकघर आवरलं. डबे उंचीप्रमाणे, 'लंबा दाहिने, छोटा बाएं'. ती आली, चहा टाकला आणि साखरेचा डबा सापडेना. त्यानंतर जे भांडण झालं ते मला फार आवडलं. "ते काय बराक हाय?" ती म्हणत होती. "एवढा पसारा सीओ साहेबांनी बघितला तर..." तो म्हणत होता. "मग सीओ साहेबांनाच चहा कराय सांगा!"

आवडलं, कारण तोवर ती दोघं एकमेकांशी फार जपून वागत होती. सुट्टीतला एक दिवस अबोल्यात घालवायचा म्हणजे केवढी उधळपट्टी! आणि फोनवर भांडताही येत नाही. ऐन मुद्द्यावर रेंज जाते आणि भांडण तिथेच गोठतं. पुन्हा फोन लागेपर्यंत एकाचा राग गेलेला असतो, दुसऱ्याचा दुप्पट झालेला असतो. रोज एकत्र राहणाऱ्यांना भांडण पुरवून पुरवून करता येतं. यांना ते 60 दिवसांत बसवायचं. डब्यांवरून तिने आवाज चढवला, तेव्हा मला वाटलं, चला, संसाराला लागली. दुसऱ्या दिवशी डबे पूर्वीच्या जागी होते. मिठाची बरणी मात्र त्याने ठेवलेल्या जागीच राहिली. तिलाही ती जागा सोयीची वाटली असावी.

भाजीबाजारात ओळखीचे लोक तिला थांबवून "अभिमान वाटतो हो तुमचा" म्हणतात. ती नम्रपणे हसते आणि पिशवी या हातातून त्या हातात घेते. अभिमान वाटायला हरकत नाही, पण त्यातल्या एकानेही कधी पिशवी धरलेली मी पाहिली नाही.

एका गोष्टीबद्दल आम्ही दोघी बोलत नाही. 2016 च्या फेब्रुवारीत सियाचिनवर 19,600 फुटांवरची चौकी हिमकड्याखाली गेली. 19 मद्रासचे लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद सहा दिवस बर्फाखाली जिवंत राहिले आणि दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात 11 तारखेला गेले. ते इथल्याच कुंदगोळ तालुक्यातल्या बेटदूरचे. त्यांचं पार्थिव घेऊन आलेलं विमान गोकुळ रोडच्या विमानतळावर उतरलं. तेव्हा ती शाळेत असेल. तिच्या खोलीच्या खिडकीतून विमानं उतरताना दिसतात. ती त्यांच्याकडे बघते की नाही, मी विचारलेलं नाही.

तो परत निघाला तेव्हा रेल्वेनेच निघाला, सामान जास्त होतं. हुबळीच्या स्टेशनात 1507 मीटरचा फलाट आहे, जगातला सर्वांत लांब. 2023 च्या मार्चमध्ये त्याचं उद्घाटन झालं. दोन दिशांच्या दोन गाड्या एकाच वेळी तिथून सुटाव्यात अशी ती सोय. मावशीला गावच्या वेशीपुढे जायची मुभा नव्हती. हिने त्याला मागे बसवून, ट्रंक रिक्षात टाकून स्कूटी स्टेशनला नेली, तिथून परस्पर ड्यूटीवर गेली आणि संध्याकाळी येताना मोटारीचा फूटव्हॉल्व्ह घेऊन आली.

ट्रंकेत धारवाडचा पेढा होता, लाइन बाजारातला. मी स्वतः रांगेत उभी राहून आणलेला. वर पोचेपर्यंत टिकतो, कारण खवा तांबूस होईस्तोवर भाजलेला असतो आणि वरून पिठीसाखरेत लोळवलेला. आठवड्याभराने वरून फोनवर तक्रार आली, की सेक्शनमधला साताऱ्याचा हवालदार म्हणतो, हा कसला पेढा, पेढा म्हणजे आमचा कंदी. मला राहवलं नाही, मी तिच्या हातून फोन घेतला. कंदी पेढा मी खाल्लेला आहे. चांगला असतो, दुधाळ असतो, लहान मुलांना आवडतो. पण पेढ्याला धग लागल्याची चव हवी, आणि ती या बाजूला वरदा नदीपर्यंतसुद्धा जात नाही, साताऱ्याचं तर सोडाच. हवालदार साहेबांना निरोप द्या म्हटलं, पुढच्या सुट्टीला तुमचा डबा घेऊन थेट गोकुळ रोडला या. दोन्ही पेढे एका ताटात ठेवू, डोळे बांधून खाऊ, निकाल काय तो लावू. तोवर सीमेवर शांतता ठेवा.